ब्रेकमध्ये वाजणारा बँड

प्रश्न : काका, मी कोल्हापूरला कॉलेजात आहे, ट्रम्पेट शिकते. जॉनी कार्सनच्या ‘टुनाइट शो’चे, म्हणजे अमेरिकी टीव्हीवरच्या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाचे, जुने भाग मी फक्त बँडसाठी बघते. पण जाहिरातींची वेळ आली की बँड सुरू होतो आणि लगेच कापला जातो. एवढ्याशा वाजवण्यासाठी इतकी माणसं कशाला ठेवायचे? पूर्ण वाजवलेलं कुठे ऐकायला मिळेल?

उत्तर : कापला जायचा तो घरी बसलेल्यांसाठी. टीव्हीवर जाहिराती चालू असताना स्टुडिओतल्या प्रेक्षकांसमोर बँड जोरात वाजतच असायचा. ब्रेक संपताना पुन्हा शेवटचा तुकडा घरी ऐकू यायचा. म्हणजे तू ऐकतेस ती फक्त दोन टोकं. मधला सगळा ऐवज स्टुडिओतल्या लोकांना मिळाला, याची मला आजही मनापासून हळहळ वाटते.

आता माणसं कशाला, ते सांगतो. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत बिग बँडचे, म्हणजे जॅझ वाजवणाऱ्या मोठ्या वाद्यवृंदांचे, दिवस भराभर उतरले. १९४६च्या अखेरीस तर बेनी गुडमन, टॉमी डॉर्सी, वुडी हर्मन अशा मोठमोठ्यांनी बँड मोडले. १७-१८ जणांना बसमधून गावोगाव फिरवणं परवडेना. अशा काळात टीव्हीने पगाराची नोकरी दिली. ट्रम्पेटवाले डॉक सेव्हरिन्सन स्वतः डॉर्सीकडे वाजवून आलेले. १९६७ ते १९९२ त्यांनी हा बँड चालवला. ट्रम्पेटवाले स्नूकी यंग काउंट बेसीच्या बँडमधून आले. दुसरे ट्रम्पेटवाले क्लार्क टेरी बेसी आणि ड्यूक एलिंग्टन या दोघांच्या बँडमध्ये वाजवून १९६० मध्ये एनबीसीत, म्हणजे हा कार्यक्रम दाखवणाऱ्या टीव्ही कंपनीत, आले. तोवर टीव्हीच्या अशा नोकऱ्यांची दारं कृष्णवर्णीय वादकांना जवळजवळ बंदच होती. १९७२ मध्ये कार्यक्रम न्यू यॉर्कहून लॉस एंजेलिसजवळच्या बरबँकला गेला, तेव्हा टेरी मागे राहिले, स्नूकी मात्र गेले. कार्सनला ड्रम वाजवायचा नाद होता, नामवंत ड्रमर बडी रिचला तो वारंवार बोलवायचा. असा यजमान होता म्हणून हा बँड इतका टिकला, असं माझं ठाम मत आहे.

याच बँडचे ड्रमर एड शॉनेसी आपल्याकडच्या उस्ताद अल्लारखांकडे तबला शिकले होते, हेही तुला माहीत असू दे.

तू ट्रम्पेटवाली, म्हणून एक गोष्ट जास्त सांगतो. डॉक पुढे उभे, रंगीबेरंगी कोटात, त्यामुळे नजर त्यांच्यावरच जाते. तुझे कान मागच्या ओळीत ठेव. तिथला लीड ट्रम्पेट सूर कुठे सोडायचा, कुठे किंचित मागे रेलायचं, शेवटच्या सुराला हेलकावा किती द्यायचा, हे ठरवतो. बाकीचे ट्रम्पेट त्याच्या श्वासाबरोबर श्वास घेतात, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोनही त्याच्याच अंगाने जातात. स्नूकी यंग या कामातले अव्वल. सोलो थोडे, पण ते प्लंजर, म्हणजे रबरी वाटी, ट्रम्पेटच्या तोंडाशी उघडझाप करत वाजवू लागले की ट्रम्पेट बोलायला लागतो. कॉलेजच्या बँडमध्ये सगळ्यांनाच सोलो हवा असतो. तू दुसरा किंवा तिसरा ट्रम्पेट मागून घे आणि वर्षभर लीडच्या सुराची लांबी हुबेहूब धरायला शीक. सूर सुरू एकत्र होतात, संपतात मात्र वेगवेगळे. बँड ढिला वाटतो तो तिथेच.

पूर्ण ऐकायचं तर डॉक सेव्हरिन्सन आणि ‘टुनाइट शो’ बँडचा १९८६चा ‘व्हॉल्यूम वन’ घे. त्याला बिग बँडचं ग्रॅमी मिळालं. मधे कोणी बोलत नाही, जाहिरात नाही. पहिल्यांदा नुसतं ऐक. दुसऱ्यांदा ट्रम्पेट हातात घेऊन, पण न फुंकता, तिसऱ्या ट्रम्पेटची ओळ शोध. ती सापडायला वेळ लागेल. सापडली की मला लिही, पुढचं तेव्हा सांगतो.