यंत्रमाग कामगारांची कंबर आणि खांदे इतके का दुखतात? हा वयाचाच परिणाम असतो का?

केवळ वयाचा नाही. कामाची पद्धत हे त्याचे मोठे कारण आहे. इचलकरंजी किंवा भिवंडीतील साध्या मागावर एकच कामगार अनेक माग सांभाळतो आणि पाळी बहुधा १२ तासांची असते. धोट्यातील (आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या साधनातील) धाग्याची कांडी संपली की माग थांबवून ती बदलणे, तुटलेली तार म्हणजे धागा जोडण्यासाठी मागावर ओणवे होणे, पुन्हा पुढच्या मागाकडे धावणे, हे सारे काँक्रीटच्या फरशीवर उभ्यानेच चालते. स्नायूंना सैल पडण्याची उसंत मिळत नाही. कमरेच्या मणक्यांवर आणि खांद्यांच्या स्नायुबंधांवर तोच ताण पुन्हापुन्हा येतो. वहिफणीचे काम बसून होते म्हणून ते हलके वाटते, परंतु वही आणि फणी या मागाच्या भागांतून एकेक तार ओवताना मान तासन्‌तास खाली असते आणि बोटे क्षणभरही थांबत नाहीत. भरलेला बीम, म्हणजे धागा गुंडाळलेला जड रूळ, उचलणाऱ्यांची गोष्ट तर सांगायलाच नको.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीत, कापसाच्या धुळीमुळे होणारा फुफ्फुसांचा आजार बिसिनोसिस आणि आवाजामुळे येणारा बहिरेपणा यांची नोंद होती, कंबरदुखीची मात्र नव्हती. माझ्या मते हे दुखणे ‘घरचे’, म्हणजे कामाशी संबंध नसलेले, समजले जाण्यामागे हेही एक कारण आहे.

बीमसाठी ट्रॉली, मागांपुढे रबरी मॅट आणि दर दोन तासांनी थोडी विश्रांती, एवढ्यानेही ताण कमी होऊ शकतो. पायाला मुंग्या येत असतील किंवा पकड सैल झाली असेल, तर मलमावर न थांबता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि कामाचे स्वरूप त्यांना आवर्जून सांगावे.