पॅट्सी क्लाइनपासून सुरुवात करताय? मग एवढं पाळा

कंट्री या अमेरिकन लोकप्रिय संगीतप्रकारात नवीन असाल तर गायिका पॅट्सी क्लाइनचा १९६७ सालचा 'ग्रेटेस्ट हिट्स' डोळे झाकून घ्या. ती १९६३ च्या मार्चमध्ये विमान अपघातात गेली, अवघी ३० वर्षांची होती. हा बारा गाण्यांचा संग्रह त्यानंतर चार वर्षांनी आला.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- व्हायोलिन आणि कोरस ऐकून "हे कंट्री कसलं?" म्हणत सोडून देतात. थांबा! निर्माता ओवेन ब्रॅडलीनं मुद्दाम घडवलेला हा नॅशव्हिलचा, म्हणजे कंट्री संगीताच्या अमेरिकेतल्या माहेरघराचा, बाज आहे.
- 'वॉकिन आफ्टर मिडनाइट' हे १९५७ मध्ये आलेलं मूळ रेकॉर्डिंग समजतात. इथे आहे ते तिनं १९६१ मध्ये पुन्हा गायलेलं. मूळही जरूर ऐका, पण नंतर.

'क्रेझी' मात्र हेडफोन लावून, दुसरं काहीही न करता ऐका. गाणं लिहिलंय विली नेल्सननं. मोटार अपघातातल्या दुखापतीमुळे पॅट्सीच्या बरगड्या दुखत होत्या, वरचे सूर लागेनात. वाद्यं आधी ध्वनिमुद्रित झाली, ती नंतर परत येऊन त्यावर गायली. फ्लॉइड क्रेमरचा पियानो आणि तिचा आवाज एकमेकांना कशी जागा देतात ते बघा. शब्द ती तालाच्या किंचित मागे ठेवते. मला आजही तिथे भरून येतं.

दुर्मीळ रेकॉर्ड, वेगवेगळ्या आवृत्त्या यांच्या मागे आत्ता लागूच नका. महिनाभर हेच ऐका, मग कंट्री गायिका लोरेटा लिनकडे वळा. नॅशव्हिलमध्ये नवी असताना तिला पॅट्सीनंच हात दिला होता.