ड्रेड वाचताना मागच्या पाट्याही वाच

'जज ड्रेड' हे ब्रिटिश विज्ञानकथा कॉमिक नुकतंच हातात घेतलंयस ना? मग पहिल्या वाचनात फक्त गोष्ट वाच, खुणा शोधत बसू नकोस. दुसऱ्यांदा मात्र मागच्या इमारतींवरची नावं बघ. मेगा-सिटी वन या कथेतल्या भविष्यातल्या महानगरात टोलेजंग ब्लॉक्सना, म्हणजे राहत्या इमारतींना, विसाव्या शतकातल्या प्रसिद्ध माणसांची, टीव्हीवरच्या पात्रांची नावं आहेत. 1981च्या 'ब्लॉक मेनिया' या कथेत एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन ब्लॉक्सपैकी एकाचं नाव चक्क एनिड ब्लायटन! लहानपणी जिच्या पुस्तकांतल्या सहली आणि खाऊ वाचला, तिच्या नावाखाली गोळीबार. मी त्या पानावर बराच वेळ थांबलो होतो. कथेचा नायक, जज ड्रेड, स्वतः राहतो रावडी येट्स ब्लॉकमध्ये. हे 'रॉहाइड' मालिकेतलं क्लिंट ईस्टवूडचं पात्र. ड्रेड घडवताना ईस्टवूडचाच 'डर्टी हॅरी' हा सिनेमातला कठोर पोलीस डोळ्यांसमोर होता, हे कळलं की ती पाटी वेगळीच दिसते.

रोमचा इतिहासही थोडा चाळून ठेव. शहराचा प्रमुख असलेला वेडा चीफ जज कॅल गोल्डफिशला आपला उपप्रमुख नेमतो, तेव्हा मागे रोमन सम्राट कॅलिग्युला उभा असतो, जो आपल्या घोड्याला कॉन्सल, म्हणजे मोठा अधिकारी, करायला निघाला होता असं सांगतात.

आणि ड्रेडची 'द कर्स्ड अर्थ' ही कथा घेशील तर 2016ची पूर्ण आवृत्तीच घे. जुन्या संग्रहांत बर्गर कंपन्यांच्या युद्धाची प्रकरणं कायदेशीर अडचणींमुळे गाळलेली आहेत.