पंचाईत झाली, मग?

प्रश्न : माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. डब्याचं झाकण निघालं नाही, शर्टाचं बटण अडकलं, की लगेच रडू आणि ‘आई, तू कर’. अडचणीतून मार्ग काढायला शिकावा म्हणून मी रोज रात्री गोष्ट सांगते आणि शेवटी तात्पर्य विचारते. तो कूस बदलून झोपून जातो. परवा तहानलेल्या कावळ्याची गोष्ट चालू असताना त्याने विचारलं, ‘कावळा दुसरीकडे का नाही गेला?’ मी म्हटलं, ‘गोष्टीत तसं नाहीये.’ माझं काही चुकतंय का?
– एक आई, इचलकरंजी

उत्तर : ताई, तुमच्या लेकाने परवा एक उपाय सुचवला होता. तो तिथेच थांबला, एवढंच चुकलं.

मी एकतीस वर्षं बालवाडी चालवली. सुरुवातीची काही वर्षं मीही तात्पर्य विचारायचे. मग एकदा याच कावळ्याच्या गोष्टीला एक मुलगी उभी राहून म्हणाली, ‘बाई, खडे टाकून पाणी वर येतच नाही. मी घरी केलं.’ मी तिला खाली बसवणार होते. पण दुसऱ्या दिवशी दोन फुलपात्रं आणि ओंजळभर खडे घेऊन बसलो. एका फुलपात्रात अर्धं पाणी, दुसऱ्यात अगदी तळाला. अर्ध्यातलं पाणी काठावर आलं. तळाचं मात्र खडे वरपर्यंत भरले तरी खालीच राहिलं, खड्यांच्या फटींत दडून. मुलगी खरं बोलत होती! मग मुलांनीच ठरवलं, की कावळ्याने आधी मडक्यात डोकावून पाणी किती आहे ते बघायचं, अगदीच कमी असेल तर उडून जायचं. तुमच्या मुलाचा कावळा तेच करू पाहत होता.

त्या दिवसापासून मी गोष्ट पंचाइतीपाशी थांबवू लागले. ‘समस्या’ हा शब्द चार-पाच वर्षांच्या मुलाच्या कानाला लागत नाही, ‘पंचाईत’ लगेच कळतो. म्हातारी लेकीकडे निघाली, वाटेत वाघ आडवा आला, झाली का पंचाईत! इथे गप्प बसायचं. मनात दहा आकडे मोजायचे. मोठ्यांना ही शांतता फार जड जाते, मुलांना जात नाही. तो म्हणेल, ‘म्हातारीने वाघाला लाडू दिला.’ म्हणू द्या. फक्त विचारा, ‘मग वाघाने काय केलं?’ आपला उपाय चालला की फसला, हे त्यालाच पुढे सांगावं लागतं. आणि म्हातारीचा खरा उपाय ऐकताना एक बघा, भोपळा नंतर येतो. ‘लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, जाडजूड होते, मग मला खा’ असं म्हणून तिने आधी नुसता वेळ मागून घेतला. रडू आवरत नसलेल्या मुलाला हे फार उपयोगी पडतं.

माझं प्रशिक्षण कोसबाडला झालं. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तिथली हकिगत मी मुलांना गोष्टीसारखी सांगायचे. एक मुलगी शाळेत येईना, कारण धाकट्या भावाला सांभाळायचं होतं. एक मुलगा येईना, कारण गुरं चारायला न्यायची होती. आता? ‘भावाला पण आणू दे,’ असं कुणीतरी हमखास म्हणायचं. अनुताईंनी तेच केलं, शाळेला लागून पाळणाघर. गुरांचं उत्तर यायला वेळ लागायचा. एकदा एकाने म्हटलं, ‘गुरं शाळेत बांधा,’ आणि वर्ग हसून लोळला. मग मी सांगायचे, की शाळाच गुरांमागे रानात गेली. तिचं नाव कुरणशाळा. गुरं बांधायला निघालेला तो मुलगा त्या दिवशी किती खूश झाला होता! निम्मं उत्तर त्याचंच होतं ना.

बटणाबद्दल. तो रडत असताना गोष्ट काढू नका, तेव्हा जवळ घ्या. रात्री एखाद्या माकडाच्या पिल्लाचं बटण अडकवा. नायकाला तुमच्या मुलाचं नाव देऊ नका, मुलांना आपली चोरी पकडली गेल्यासारखं वाटतं आणि ती ऐकेनाशी होतात. शिवाय रोज असं थांबवायचं नाही. आठवड्यातून दोनदा पुरे. बाकीच्या रात्री गोष्ट सलग, तुमच्या कुशीत, झोप लागेपर्यंत.

आज मात्र कावळा पुन्हा मडक्यावर बसवा. आत डोकावला, पाणी अगदी तळाला. ‘आता कुठे गेला गं तो?’ असं त्याने विचारलं, तर म्हणा, ‘मला नाही माहीत, तू सांग.’ उशाशी पाण्याचं फुलपात्र असू द्या, सांगता सांगता त्याला तहान लागेल.