ऑरलँडोची दुसरी वारी: नव्या राइड्सपैकी आधी कुठल्या?

तुमचा प्रश्न वाचला, यजमानांची एक्सेल शीटही बघितली. मे २०१८ मध्ये तुम्ही डिस्ने वर्ल्ड केलंत तेव्हा मुलगा साडेतीन वर्षांचा होता, आता अकराचा आहे. धाकटी सहा वर्षांची, उंची १११ सेंटीमीटर. सोबत सासूबाई. न्यू जर्सीला दिरांकडे उतरून मेच्या पहिल्या पंधरवड्यात ऑरलँडो, पार्कचे तीनच दिवस. मधल्या काळात सुरू झालेल्या सगळ्या राइड्स शीटमध्ये तारखेप्रमाणे लावल्यात आणि आधी कुठल्या घ्यायच्या, कुठल्या सोडायच्या, असं विचारलंय.

तारखेचा रकाना उडवा. त्याजागी दोन रकाने घाला: पाचहीजण एकत्र बसू शकतात का, आणि कमीत कमी उंची किती लागते. यादी आपोआप उलटीपालटी होईल.

कारण सांगते. माझी लेक टॅम्पाला असते, त्यामुळे नातवंडांबरोबर या पार्कांत माझं जाणंयेणं असतं. रेल्वेची ज्येष्ठ नागरिक सवलत बंद होण्याआधी मी ती घेत होते, यावरून वय ओळखा. तर मी बघते काय, की दुसऱ्यांदा आलेली मंडळी नव्याच्या मागे धावतात आणि दिवसभर घर दोन तुकड्यांत फिरतं. एक तुकडी रांगेत, दुसरी बाहेर पिशव्या सांभाळत बाकावर. संध्याकाळी हॉटेलवर कुणाच्याच बोलण्यात कुणी नसतं. घर फोडणारी राइड दिवसाला एकच, जास्तीत जास्त. बाकी सगळ्या एकत्र बसायच्या. मी यापलीकडे दुसरा नियम पाळत नाही.

आता तुमच्या यादीवर हा नियम लावू. डिस्ने वर्ल्डमधल्या एपकॉट या पार्कातली रेमी (२०२१ची, 'रॅटाटुई' सिनेमातल्या उंदराची) पहिल्या नंबरवर. उंचीची अट नाही, गाडीत तीन-तीनच्या दोन रांगा, म्हणजे पाचजण एकाच गाडीत. गाडीला रूळ नसतात. ती हॉटेलच्या मुदपाकखान्यातून उंदरासारखी सैरावैरा पळते, मध्येच ओव्हनची धग अंगावर येते. सासूबाईंना मध्ये बसवा, धाकटीला कडेला. हॉलिवूड स्टुडिओज या पार्कातली मिकी-मिनीची रनअवे रेल्वे (२०२०) दुसरी. त्या चायनीज थिएटरच्या इमारतीतली जुनी राइड २०१७ मध्येच बंद झाली होती, म्हणून तुम्हाला २०१८ मध्ये तिथे काही मिळालं नाही. हीसुद्धा सगळ्यांची.

तिसरी त्याच पार्कातली स्मगलर्स रन (२०१९), 'स्टार वॉर्स'मधलं यान चालवायची राइड, शीटमध्ये जी तुम्ही पार तळाला टाकलीत. तिथे सहाजणांचा कॉकपिट असतो: दोन पायलट, दोन गोळ्या झाडणारे, दोन इंजिनियर. उंची ९७ लागते, धाकटी सहज बसते. लेकाला पायलट करा. सासूबाईंना इंजिनियरची जागा द्या, तिथे लुकलुकणारी बटणं दाबायची एवढंच काम असतं आणि नातू पुढून ओरडत असतो, 'आजी, दाब ना!' आमच्याकडे त्या पाच मिनिटांची चर्चा टॅम्पाला पोचेपर्यंत चालली होती. मात्र हलतं बरंच. सासूबाईंना मान किंवा कंबर दुखण्याचा त्रास असेल तर त्यांनी ही सोडावी.

स्लिंकी डॉगची गंमत बघा. ती ३० जून २०१८ला सुरू झाली, म्हणजे महिन्या-दीड महिन्याने तुमची हुकली. शीटमध्ये ती 'मुलांची' म्हणून बाजूला ठेवलीय, पण सहा वर्षांच्या मुलीसाठी पहिला खराखुरा रोलरकोस्टर म्हणून याहून चांगलं काही नाही. उंची ९७. उघड्यावर आहे, म्हणून सकाळीच करा; फ्लोरिडात दुपारी विजा चमकायला लागल्या की बाहेरच्या राइड्स बंद ठेवतात.

आता मुलाबद्दल. त्याच्यासाठी नवीन काय, हे उद्घाटनाच्या तारखेवरून कळणारच नाही. साडेतीन वर्षांचा असताना त्याची उंची पुरत नव्हती, म्हणून १९७५ची स्पेस माउंटनसुद्धा त्याला कोरी करकरीत आहे. तीच गोष्ट टॉवर ऑफ टेररची. शीटमध्ये या दोन्ही 'जुन्या' म्हणून लाल केल्यात, तो लाल रंग काढा.

धाकटीची उंची घरी मोजताना ती जे बूट घालून जाणार तेच घालून, भिंतीला टेकवून मोजा. दारावर बुटांसकटच मोजतात. १११ म्हणजे टियाना (१०२), राइज ऑफ द रेझिस्टन्स (१०२) आणि गार्डियन्स (१०७) या तिन्हींना ती बसते. ट्रॉनला १२२ लागते, तिथे प्रश्नच मिटला. स्पेस माउंटनला ११२. चांगल्या तळाचे बूट असतील तर कदाचित जमेल, पण मी नाही बसवणार. उंची पुरते म्हणून बसवायचं हे काही खरं नाही. काळोखात झटके खाऊन मूल एकदा घाबरलं की पुढचे दोन दिवस ते कुठल्याच दारातून आत जात नाही.

घाबरतं की नाही ते ऑरलँडोला कशाला बघायचं? जायच्या आधी एखाद्या रविवारी खोपोलीला इमॅजिकाला जाऊन या. तिथला डीप स्पेस अंधारातला आहे, गोल्ड रश घरच्या सगळ्यांना झेपणारा. मुलगा नायट्रोवर बसला तर ट्रॉनची काळजीच नको: नायट्रोचा वेग ताशी १०५ किलोमीटरच्या घरात आणि त्यात पाच वेळा डोकं खाली होतं. ट्रॉन त्याहून कमी वेगाची, आणि ट्रॉन काय किंवा गार्डियन्स काय, उलटं कुठेच करत नाहीत. आय फॉर इंडियात पाय लटकवून देश बघून झाला असेल तर एपकॉटमधल्या सोअरिनची रांग निम्म्यावर सोडलीत तरी चालेल, जात एकच आहे.

एपकॉटमधला गार्डियन्स (२०२२) हा मात्र वेगळा प्रकार. वेगाचं काही नाही, पण गाडी उलट्या दिशेने सुटते आणि पुढे रुळावर धावता धावता स्वतःभोवतीही फिरत राहते. गाणी मोठ्याने चालू असतात. वरंधा घाटात ज्याला मळमळतं त्याला इथे मळमळणार. तुमच्याकडे असं कोण आहे ते तुम्हालाच माहीत. जेवणाआधी करा. धाकटीला न्यायचं की नाही, ते स्लिंकी आणि टियाना झाल्यावर तिच्या चेहऱ्याकडे बघून ठरवा. म्हणून एपकॉटचा दिवस शेवटी ठेवा.

ट्रॉन (२०२३) ही तुमची मॅजिक किंगडमच्या दिवसाची घर फोडणारी राइड. मोटरसायकलवर बसतो तसं पुढे वाकून बसायचं, पाठीला आणि पोटऱ्यांना मागून आधार येऊन घट्ट बसतो. ज्यांच्या पोटऱ्या जाड आहेत त्यांनी बाहेर ठेवलेल्या नमुन्याच्या सीटवर आधी बसून बघावं, अर्धा तास उभं राहून परत फिरण्यापेक्षा बरं. काही गाड्यांना शेवटी साधी सीटही असते, ती हवी असं सांगावं लागतं. पर्स, पाण्याची बाटली, टोपी काही आत नेता येत नाही. फुकटचे लॉकर आहेत.

तिथे 'रायडर स्विच' मागा. म्हणजे आधी वडील आणि मुलगा जातील, तुम्ही धाकटीला घेऊन बाहेर. ते आले की तुम्ही मोठ्या रांगेत न थांबता जायचं, आणि मुलगा तुमच्याबरोबर पुन्हा बसू शकतो. म्हणजे त्याच्या दोन फेऱ्या, तीही नियमात राहून. त्या वेळात सासूबाई, धाकटी आणि बाहेर असलेलं मोठं माणूस यांनी शेजारच्या पीपलमूव्हरवर बसावं. सावकाश चालते, वारा लागतो आणि ती स्पेस माउंटनच्या इमारतीतून जाते, त्यामुळे आतल्या किंकाळ्या फुकट ऐकायला मिळतात.

टियाना (२०२४) म्हणजे तुम्ही तेव्हा पाहिलेल्या स्प्लॅश माउंटनचीच वाट, सजावट नवी. शेवटची घसरण तेवढीच मोठी आणि भिजणं तेवढंच. दुपारच्या उन्हात ठेवा. मुलाचा बोटीसमोरचा जुना फोटो पुन्हा तसाच काढायचाय असं लिहिलंय, तर ती बोट आणि समोरचं टॉम सॉयर बेट जुलै २०२५ मध्ये बंद झालं, जागा शोधत फिरू नका.

हॉलिवूड स्टुडिओजमधली राइज ऑफ द रेझिस्टन्स ही 'स्टार वॉर्स'ची राइड जवळजवळ वीस मिनिटांचा प्रकार आहे आणि अधूनमधून बंद पडतो, म्हणून सकाळी पहिली. बंद असेल तर दारात ताटकळत बसू नका, स्लिंकीला जा आणि ॲपवर लक्ष ठेवा.

ॲनिमल किंगडम या खेपेला सोडा. तिथे तुमच्यानंतर मोठी नवी राइड आलेली नाही, उलट डायनासोर ही जुनी राइड बंद झाली. एपिक युनिव्हर्स या नव्या पार्कचं सगळेच विचारतात. मे २०२५ मध्ये उघडलं, उत्तम आहे, पण ते डिस्नेचं नाही, युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीचं, तिकीट वेगळं, आणि तीन दिवसांतला एक काढून तिथे घालवला तर वरचं सगळं मुसळ केरात. चौथा दिवस मिळाला तरच.

सासूबाईंसाठी व्हीलचेअर दारावर भाड्याने मिळते. 'मला काही लागत नाही' असं त्या म्हणतील. एपकॉटच्या तळ्याभोवतीची एक फेरीच दोन किलोमीटरच्या आसपास आहे, तेवढं सांगा.

पैशांचं. मोठी रांग टाळायची तर ट्रॉन, गार्डियन्स, राइज यांचा सिंगल पास (एकाच राइडचा) वेगळा घ्यावा लागतो, माणशी वीस डॉलरच्या आसपास, गर्दीप्रमाणे कमीजास्त. जो बसणार त्याच्यापुरताच घ्या, पाचांचा घेऊ नका. मल्टी पासमध्ये (अनेक राइड्सचा, तोही रांग टाळायचाच) आधी तीन राइड्स निवडता येतात, पण मोठ्या राइड्सच्या गटातली एकच. हॉलिवूडला ती स्लिंकी, एपकॉटला रेमी, मॅजिक किंगडमला टियाना.

डिस्नेच्या हॉटेलात राहणार असाल तर हे सात दिवस आधी करता येतं, बाहेर राहिलात तर तीन. खिडकी फ्लोरिडात सकाळी सातला उघडते, म्हणजे मे महिन्यात पुण्यात दुपारी साडेचार. सात दिवस आधी तुम्ही बहुधा अजून इथेच असाल. त्या दिवशी साडेचारला चहा नंतर प्या. कार्डावरचे परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून आदल्या दिवशीच सुरू करून ठेवा, बहुतेकांचे बंद असतात, आणि ओटीपी ज्या फोनवर येतो तो फोन मुलाच्या हातात नसेल असं बघा.