सगळे ट्रेंच ठळक डागांवरच घेऊ नका

नवाश्मयुगीन वस्तीवर मॅग्नेटोमीटर (जमिनीवरचे चुंबकीय फरक टिपणारं यंत्र) फिरवून झालाय, आता सगळे ट्रेंच, म्हणजे उत्खननाचे चर, त्यातून निघालेल्या नकाशावरच्या सर्वांत ठळक डागांवर घ्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: एखादाच घ्या.

यंत्राला चूल, खड्डा, भिंत यांतलं काही कळत नाही. इथली माती शेजारच्या मातीपेक्षा वेगळी आहे, एवढंच ते सांगतं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ५०,००० नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक). बुजलेल्या खड्ड्यामुळे त्यात पडणारा फरक बहुतेकदा मोजक्या नॅनोटेस्लांचा. खड्ड्यात राख नि जळकी माती मिसळलेली असते, ती जास्त चुंबकीय, म्हणून तो दिसतो. भाजलेली माती निवताना तेव्हाच्या क्षेत्राची दिशा धरून ठेवते, त्यामुळे चुली आणि जळकी घरं आणखी उठून दिसतात. युक्रेनमधल्या नेबेलिव्का इथे त्रिपिल्या संस्कृतीची १,०००हून अधिक घरं नकाशावर उमटली. त्यांतली ठळक होती ती जळालेली. पण सर्वांत ठळक ठिपका? तो बरेचदा नांगराचा तुटका फाळ निघतो. काळ्याला पांढरा चिकटलेला, छोटा आणि टोकदार डाग दिसला की आधी लोखंडाचाच संशय घ्या. (सर्वेक्षकाच्या बुटातला खिळासुद्धा असले प्रताप करतो.)

नावं ठेवायची घाई नडते. इंग्लंडमधल्या डरिंग्टन वॉल्सला (स्टोनहेंजजवळचं, मातीच्या बांधाने वेढलेलं नवाश्मयुगीन ठिकाण) २०१५मध्ये सर्वेक्षणावरून बांधाखाली ९०पर्यंत दगड गाडलेले असावेत असं जाहीर झालं. २०१६मध्ये खणलं, तर दगड नव्हतेच! लाकडी खांबांचे खड्डे होते, खांब काढून खडूच्या खडकाच्या चुऱ्याने भरलेले. यंत्राने भरीव काहीतरी दाखवलं ते बरोबरच होतं. दगड म्हटलं माणसांनी.

म्हणून एक ट्रेंच ठळक डागावर, एक खंदकासारख्या रेषेला आडवा छेदणारा, आणि एक चक्क कोऱ्या जागेत. कोऱ्या जागेबद्दल मी हटून बसेन. एक मीटर अंतराने चाललात तर ३० सेंटीमीटरचा खांबखड्डा दोन ओळींच्या मधून सहज निसटतो. वरून वाहून आलेल्या मातीचा जाड थर असेल तर नेहमीच्या ग्रेडिओमीटरला (मॅग्नेटोमीटरचाच एक प्रकार) मीटरभराखालचं फारसं दिसत नाही. तिथे हाताने ऑगर (खालची माती वर काढणारं गिरमिट) मारून बघा. ओल्या चिकणमातीत जीपीआरवर (जमिनीत रडार लहरी सोडून बघायची पद्धत) पैसे घालवू नका. आणि नुसती दगडी हत्यारं विखुरलेली असतील, तर सरळ छोटे चाचणी खड्डेच घ्या.

खणताना ससेप्टिबिलिटी मीटर (माती किती चुंबकीय आहे ते मोजणारं छोटं यंत्र) हाताशी ठेवा आणि प्रत्येक थराचं वाचन घ्या. डागाखालची भर आणि मूळ माती यांची वाचनं सारखीच आली, तर डागाचं कारण अजून हाती लागलेलं नाही. ट्रेंच इतक्यात बुजवू नका.