राहायचं घणसोलीत, मतदान गावाला

तुम्ही विचारलंय की युरोपातली तरुण मंडळी दुसऱ्या देशात जाऊनही मतदान करतात, मग ठाणे-नवी मुंबईतल्या पोरांना राजकारणाचं काहीच का पडलेलं नाही, आणि त्यांना जोडायचं कसं? मी कोपरखैरण्यात कॉलेजच्या मुलांना मतदार नोंदणीत मदत करतो, त्या अनुभवावरून लिहितो.

"काहीच पडलेलं नाही" हे मला पटत नाही. जून २०२१ मध्ये नवी मुंबई विमानतळाला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांचं नाव द्या म्हणून बेलापुरात सिडकोवर (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीवर) मोर्चा गेला, तेव्हा आगरी-कोळी पोरं कमी नव्हती. जमिनी घेण्याविरुद्ध लढणाऱ्या शेतकऱ्यांवर १९८४ मध्ये जासईला गोळीबार झाला, त्यावेळी त्यातली कित्येक जन्मलीही नव्हती. पण जमीन घरची होती.

राजकारणापासून तुटलेली आहेत ती दुसरी पोरं. वडील माथाडी, म्हणजे बाजारात माल चढवणारे-उतरवणारे कामगार, मूळ सातारा नाहीतर जुन्नरकडचे. पोरगा इथेच वाढला, पण यादीत नाव गावच्या. ग्रामपंचायत लागली की पॅनेलची गाडी येते, हा चुलत्याला मत देऊन रातोरात परत. इथला नगरसेवक कोण, पत्ता नाही. आणि नगरसेवक होते तरी कुठे? नवी मुंबईत २०१५ च्या एप्रिलनंतर महापालिकेचं मतदान झालं ते थेट १५ जानेवारी २०२६ ला, मधली साडेपाच वर्षं प्रशासक. २०१५ च्या जूनमध्ये अठरा पूर्ण झालेल्याला इथलं पहिलं मत अठ्ठाविसाव्या वर्षी मिळालं. वर त्यालाच उदासीन म्हणायचं!

युरोपीय संघात १९९३ पासून सोय आहे: राहता त्या सदस्य देशात पालिकेला मत द्या, उभेही राहा. तरीही परक्या देशात नाव नोंदवायचा कंटाळा तिथलेही बरेच जण करतात, त्यामुळे नुसत्या कायद्याने भागत नाही. आपल्याला तर सीमाही ओलांडायची नाही. साताऱ्याहून घणसोलीला नाव आणायला फॉर्म ८ पुरतो, मोबाईलवरून भरता येतो. (जर्मनीला शिकायला गेलेल्याचं अवघड आहे. परदेशातून नाव राखता येतं, मत द्यायला मात्र स्वतः यावं लागतं.)

मग अडतं कुठे? घरात. "गावचं नाव काढलं तर जमिनीतला हिस्सा जाईल" ही वडिलांची भीती. मतदार यादीचा सातबाऱ्याशी काडीचा संबंध नाही, पण हे पोराला सांगून उपयोग नाही. म्हणून मी हल्ली वडिलांशीच बोलतो, तेही रविवारी, बाजार बंद असतो तेव्हा. आई सोबत बसली तर काम लवकर होतं. एक मत गावात आणि एक इथे असं ठेवणं गुन्हा आहे, हेही तेव्हाच स्पष्ट सांगतो.

शिबिरं, भाषणं, शपथा यांवर माझा फारसा भरवसा नाही. सतरा पूर्ण झालेल्यांचा फॉर्म ६ (नव्या मतदाराच्या नोंदणीचा) आगाऊ भरून घ्या आणि मत मिळेपर्यंत त्यांना माहिती अधिकाराचे अर्ज करायला लावा. त्याला अठरा वर्षं लागत नाहीत: दहा रुपये, एकच विषय, दीडशे शब्दांत अर्ज, तीस दिवसांत उत्तर अपेक्षित. विषय स्वतःच्या गल्लीतलाच घ्यायला लावा, म्हणजे गटाराच्या कामाचा ठेका कुणाला आणि कितीला, असा. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील कसं करायचं, तेही आधीच शिकवून ठेवा, कारण बहुतेक पोरं तिथेच सोडून देतात.